दहा मिनिटं नुसतं बसायचं

मंचरच्या अलीकडच्या वळणावर कांद्याच्या टेम्पोनं माझ्या गाडीला मागून ठोकलं. हाडं शाबूत राहिली, कांदे रस्ताभर झाले. गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा कळलं, माझी हिंमत गॅरेजमध्येच राहिलीय. स्टिअरिंगला हात लावला की तळव्यांना घाम सुटायचा. माझं घर पेठला, शाळा तळेघरला आणि तिकडे एसटी नावापुरती. सोमवारी रजा संपत होती. गाडी चालवता आली नाही, तर डोंगरातली ती शाळा आणि ती पोरं सोडून बदली मागावी लागणार होती. नुसत्या विचारानंच मला हुंदका यायचा.

समुपदेशक मॅडमनी मला गृहपाठ दिला. इतकी वर्षं दुसऱ्यांना देत आले, त्याचा हा सूडच. रोज दारातल्या बंद गाडीत दहा मिनिटं नुसतं बसायचं आणि श्वास मोजायचे.

मॅडम पुण्याच्या. गाडीत माणूस बसलं म्हणजे गाडी निघाली, हा आमच्याकडचा नियम त्यांना कुठून ठाऊक? पहिल्याच दिवशी सातव्या श्वासाला मागचं दार उघडून दोघं आत बसले, मंचरला सोडा म्हणाले. दुसऱ्या दिवशी एक पाहुणे बटाट्याच्या पिशवीसकट. मी सांगायचे, गाडी जाणार नाही, उपचार चालू आहेत. ते गाडीकडे काळजीनं बघत उतरायचे.

शनिवारी शेजारच्या आत्याबाई मांडीवर पिशवी घेऊन मागे बसल्या आणि दोन मिनिटांत घोरायला लागल्या. सत्तरीची बाई, माझ्या भरवशावर बसलेली. तिला उठवून मी घाबरते असं सांगायची इतकी लाज वाटली, की मी किल्ली फिरवली.

मंचरपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये गेले. मागचे ट्रक माझ्या नावानं हॉर्न बडवत होते. त्या वळणावर तर डोळे मिटायचेच बाकी होते. बाजाराजवळ गाडी थांबवली. आत्याबाई जाग्या झाल्या आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"मंचरला कशाला आणलंस गं? तुझ्या गाडीची गादी मऊ लागती म्हून वाटाणा सोलाय बसले व्हते मी. शेळी मोकळी हाय माझी. तुझ्या मेथीत शिरंल."

घरामागची माझी मेथी काढणीला आलेली. मी तिथूनच गाडी वळवली आणि चौथा गिअर टाकला. आत्याबाई मागे वाटाणा सोलत शेळीच्या एकेक खोड्या सांगत होत्या, मी त्या शेळीला मनातल्या मनात शिव्या घालत होते. बऱ्याच वेळानं एकदम आठवलं आणि मी घाबरून विचारलं, ते धडकेचं वळण कुठं राहिलं?

"ते व्हय? लई मागं गेलं की, बाय."

मला रडू फुटलं. आत्याबाईंना वाटलं, मेथीसाठी रडतेय. दुसरी पेरून देते म्हणाल्या. मी रडत रडतच मान हलवली आणि गाडी चालवत राहिले.