आकड्यापुढे एकक लिहिणारे देवळेसर

देवळेसर गेल्याचं मला इंदूरच्या पलासिया चौकात, सिग्नलवर कळलं. ऑफिसला निघाले होते, फोन वाजला, आणि सहकाऱ्यानं एवढंच सांगितलं, "सर नाही राहिले. सकाळी चहा घेता घेता..." सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवू लागले, आणि स्कूटर पुढे न्यायची असते हेच मला सुचेना. त्याला आता पाच आठवडे झाले.

नोकरीसाठी सांगलीहून इंदूरला आले तेव्हा या शहरात माझं कोणी नव्हतं. आमची कंपनी लहानशी, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी. सर तिथले सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांचे आजोबा गिरणीत कारकून म्हणून इकडे आलेले, त्यामुळे सरांचं मराठी अस्सल इंदुरी, अर्ध्या वाक्यात हिंदी शिरायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "टेन्शन नको घेऊस भिया, धीरे धीरे सगळं जमतं." भिया म्हणजे इंदुरी भैया. मुलगी असूनही मी शेवटपर्यंत त्यांची भियाच राहिले.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून ती चूक झाली. मुलांच्या एका दवाखान्यासाठी मी औषधाची मात्रा काढणारा प्रोग्राम लिहिला होता. त्यात प्रत्येक मात्रा म्हणजे नुसता आकडा. पाच म्हणजे पाच. ते मिलिग्रॅम की मिलिलिटर, हे फक्त माझ्या डोक्यात. एके ठिकाणी मीच ते विसरले, आणि तीन वर्षांच्या एका मुलीच्या चिठ्ठीवर भलताच मोठा आकडा छापला गेला. नर्सला शंका आली, तिनं औषध दिलं नाही, म्हणून निभावलं. आमच्या कंपनीचे मालक म्हणाले, तेवढी ओळ दुरुस्त करा आणि छपाईची गडबड होती असं कळवून टाका. सर शांतपणे म्हणाले, "एका ओळीची बात नाही ही. अजून कुठे कुठे झालं असेल, बघावं लागेल." आणि त्यांनी स्वतः डॉक्टरांना फोन करून खरं ते सांगितलं.

मी जागेवर बसून रडत होते. सरांनी खुर्ची ओढली. "रडून झालं की सांग. आपल्याला नवा नंबर बनवायचा आहे." प्रोग्रामिंगच्या भाषेत आकडे तयार मिळतात, पण आपल्या कामाचा आकडा आपणही घडवू शकतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, केलं कधी नव्हतं. ते म्हणाले, "भाषेच्या नंबरला किती, एवढंच ठाऊक असतं. आपल्या नंबरला कशाचं, तेसुद्धा ठाऊक पाहिजे." मग आम्ही 'डोस' नावाचा क्लास, म्हणजे आकड्याचा आमचा स्वतःचा प्रकार, लिहिला. त्यात आकडा आणि एकक कायम एकत्र. अधिकचं चिन्ह, लहान-मोठ्याचं चिन्ह, सगळी आम्ही त्याला नव्यानं शिकवली. मिलिग्रॅममध्ये मिलिलिटर मिळवायला गेलं की प्रोग्राम तिथेच थांबायचा. औषध किती तीव्र आहे हे सांगितल्याशिवाय एकाचं दुसरं होऊ द्यायचाच नाही. माझ्याकडून प्रत्येक ओळ त्यांनी लिहून घेतली. कीबोर्डला स्वतः हात लावला नाही.

मग तीन दिवस जुन्या चिठ्ठ्या तपासल्या. एक सापडली. इंदूरजवळच्या हातोद गावातल्या एका मुलाला चार दिवस औषध जवळपास निम्मं गेलं होतं. फोन लागेना. सर म्हणाले, "चल, जाऊन येऊ." मुलगा अंगणात खेळत होता, ताप आपोआप उतरला होता. मला वाटलं, आता बरा आहे, कशाला सांगायचं... पण सरांनी त्याच्या आईला सगळं नीट सांगितलं, डॉक्टरांना पुन्हा दाखवून घ्या म्हणाले. तिनं विचारलं, "गलती किसकी थी?" मी तोंड उघडणार तेवढ्यात सर म्हणाले, "मेरी. जाँचना मेरा काम था."

महिनाभरात सरांकडची टीम काढून घेतली गेली. त्यांना कोपऱ्यातलं टेबल मिळालं, जुन्या प्रोग्रामांची डागडुजी मिळाली. मालकांचं न ऐकता डॉक्टरांना खरं सांगितलं, हे त्याचं कारण मला पुढे दुसऱ्यांकडून कळलं. मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, इथे खिडकी आहे." त्या टेबलाशी ते सहा वर्षं बसले.

गेल्या रविवारी सरांच्या घरी काकूंना, त्यांच्या पत्नीला, भेटायला गेले. स्वयंपाकघरात फ्रिजवर काकूंच्या थायरॉइडच्या गोळीचा कागद होता, सरांच्या अक्षरातला: 'सकाळी उपाशीपोटी, पन्नास मायक्रोग्रॅम.' एकक अख्खं लिहिलेलं. काकू म्हणाल्या, "डॉक्टरांनी आता डोस वाढवला आहे. पण तो कागद काढायला हात धजत नाही गं. नवा तू लिहून दे, बाजूला लावते."

मी डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून लिहिलं: 'पंचाहत्तर मायक्रोग्रॅम.' पुन्हा एकदा ताडून पाहिलं. मग म्हटलं, "काकू, दोन्ही कागद नकोत. चूक होईल."

मग काकूंनीच चिकटपट्टी हळू सोडवली, सरांच्या कागदाची घडी केली आणि साड्यांच्या कपाटात ठेवून आल्या.