आत उतरणाऱ्याच्या गळ्यातली चावी

एका दुपारी श्रावणभाऊंनी माझ्या पायावर पाणी ओतलं, तिथून आमची ओळख सुरू होते. काँक्रीट प्लांटवर कामाला लागून मला तीनच दिवस झाले होते. चंद्रपूरच्या बाहेर, मूल रस्त्याला लागून असलेल्या आमच्या आवारात तेव्हा सहा मिक्सर गाड्या होत्या आणि एक पत्र्याची केबिन. कोणती गाडी किती वाजता कुठे निघाली, हे त्या केबिनमध्ये बसून लिहून ठेवायचं, हे माझं काम. डबा धुवायला नळाकडे जाताना माझा पाय गाडी धुतल्यानंतर साचलेल्या राखाडी चिखलात पडला. पायात साध्या चपला होत्या. मी रुमालाने पाय पुसू लागले, तेवढ्यात बाजूला गाडी धूत असलेले एक गृहस्थ हातातला पाइप घेऊनच आले.

"पुसू नका बाई. पाय इकडं करा."

त्यांनी पाणी सोडलं. थोड्या वेळाने मी म्हटलं, "पुरे झालं."

"पुरे नाई झालं. उभ्या राहा."

"अहो, चिखलच तर आहे."

"चिखल नोहे जी, सिमिट हाए. आता काई नाई करत. सांजच्याले कातडी खाते."

मी सिस्टरांच्या शाळेत शिकलेली. कोणी काही केलं की आभार मानल्याशिवाय तोंड मिटत नसे. मी म्हटलं, "थँक यू." ते पाइप गुंडाळत म्हणाले, "थँक्यू मंग म्हणा. पयले बूट घ्या."

ते गृहस्थ म्हणजे श्रावणभाऊ रामटेके. या महिन्यात ते साठ वर्षांचे होत आहेत आणि महिनाअखेर आवार-प्रमुख म्हणून निवृत्त होत आहेत. त्यांच्याबरोबर काम केलेल्या चालक-मदतनिसांनी हा छोटा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आणि "बाईंचं अक्षर चांगलं आहे" या एका कारणावरून पहिला लेख माझ्याकडे आला. छापील पुस्तकात अक्षराचा काय उपयोग, असं मी विचारलं नाही. मला लिहायचंच होतं.

भाऊ चिमूर तालुक्यातल्या एका लहान गावचे. घरची थोडी धानाची शेती. आधी ट्रॅक्टर, मग ट्रक, मग मिक्सर गाडी, असा त्यांचा प्रवास. रस्त्याने जाणाऱ्या आमच्या गाडीकडे पाहून शाळेतली मुलं हात हलवतात, कारण तिचं पोट, म्हणजे ड्रम, गोल गोल फिरत असतं. ते फिरणारं पोट किती धोक्याचं असतं, हे गाडी चालवणारा जाणतो. वजन उंचावर, तेही सतत हलणारं. वळणावर जरा वेग राहिला की गाडी आडवी. माल म्हणजे काँक्रीट. ते फार वेळ थांबत नाही, घट्ट होतं. प्लांटवर भरलं की घड्याळ सुरू होतं, आणि गडचिरोलीच्या बाजूला, जंगलातल्या अरुंद रस्त्याने, साइट कधी कधी फार लांब असते. या धंद्यात माणसं घाईने मरतात, हे भाऊंचं मत. घाई करू नका असं ते कोणाला सांगत बसले नाहीत. सांगून घाई कमी होत नाही, हे त्यांना माहीत होतं. ते स्वतः थांबायचे.

आलापल्लीच्या पुढे एका नाल्यावर पुलाचं काम चालू होतं. तिथला प्रसंग मला त्या साइटच्या इंजिनिअरांनी स्वतः सांगितला, तेही बऱ्याच वर्षांनी, हसत. त्या दिवशी मात्र ते हसत नव्हते. खड्ड्याच्या कडेपर्यंत गाडी मागे घ्यायची होती. भाऊ खाली उतरले, झुडपातून एक काठी तोडली आणि कडेकडेने ती जमिनीत खुपसत चालू लागले. एका जागी काठी हातभर आत गेली. भाऊंनी गाडी मागे घ्यायला नकार दिला.

"अहो भाऊ, माल सेट होऊन राह्यला," इंजिनिअर ओरडले.

"होऊ द्या साहेब. माल गेला तं दुसरा येते. गाडी गेली तं दुसरी येते. खाली हे चार जन सळाखी बांधून राह्यले, ते कुठून आनता?"

त्या खेपेचा माल बाजूला ओतावा लागला. आमचे शेठजी फोनवर भाऊंना खूप बोलले. ती कड त्या दिवशी ढासळली असती की नाही, हे आजही कोणी सांगू शकत नाही. भाऊंना मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ते मालूम नाई पडलं, हेच बरं झालं."

आता चावीबद्दल. या लेखाचं खरं कारण तेच आहे.

प्रत्येक खेपेनंतर ड्रम धुतला तरी आत थोडं काँक्रीट राहतं आणि थरावर थर चढून दगड होतो. मग ड्रमच्या पोटाला असलेली लहान झडप उघडून एक माणूस ब्रेकर घेऊन आत सरकतो आणि तो दगड फोडतो. तेव्हा गाडी सुरू झाली, तर ड्रमबरोबर तो माणूसही फिरेल. म्हणून भाऊंनी पद्धत घातली. गाडीची चावी सुतळीला बांधून आत उतरणाऱ्याच्या गळ्यात. ड्रायव्हरकडे नाही, केबिनमध्ये नाही, मुकादमाकडेही नाही. दुसरा माणूस झडपेपाशी बसेल आणि अधूनमधून दगडाने ड्रमवर तीनदा ठोकेल. आतून तीन ठोके आले की ठीक. आतला बाहेर येईपर्यंत बाहेरच्याने उठायचं नाही.

ही पद्धत मोडली ती मी.

गाडीबरोबर कंपनी दोन चाव्या देते. दुसऱ्या चाव्या कुठेतरी खोक्यात पडलेल्या असत. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की प्रत्येक वस्तूला तिची जागा हवी. तोवर गाड्या बारा झाल्या होत्या. मी सुताराकडून एक सुंदर फळी करून घेतली, बारा खिळे ठोकले, प्रत्येकाखाली गाडीचा नंबर लिहिला आणि बारा चाव्या टांगल्या. येणारे-जाणारे कौतुक करत. भाऊ केबिनमध्ये क्वचितच येत. त्यांनी ती फळी पाहिली होती की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

त्या दिवशी भाऊ स्वतःच ड्रममध्ये उतरले होते, चावी गळ्यात घालून. झडपेपाशी गजानन हा मदतनीस बसला होता. एका कागदावर त्याची सही राहिली होती, म्हणून मी त्याला केबिनमध्ये बोलावलं. पाचच मिनिटांसाठी. त्याच वेळी सुधाकर हा नवा चालक आला. गाडी वॉशिंगच्या जागेवरून हलवायची आहे आणि चावी सापडत नाही, असं म्हणाला. मी फळीवरची चावी काढून त्याला दिली आणि रजिस्टरमध्ये वेळही लिहिली. ड्रम फिरवायचा दांडा आधीच कोणीतरी ओढून ठेवलेला होता. सुधाकरने इंजिन सुरू केलं आणि ड्रम फिरला.

गजानन ओरडत धावला. ड्रमचा एक फेराही पुरा झाला नव्हता. भाऊंना झडपेतून बाहेर काढलं तेव्हा ते डोक्यापासून पायापर्यंत राखाडी होते आणि उजवा खांदा भलतीकडेच गेला होता. सुधाकर जमिनीवर बसून रडत होता. भाऊंनी पाणी मागितलं, चूळ भरली आणि विचारलं, "चावी तं माह्या गळ्यात हाए. गाडी चालू कशी झाली?"

मी म्हणाले, "दुसरी चावी मी दिली, भाऊ."

"अशा किती हाएत?"

"बारा."

"आना साऱ्या."

मी फळीच उचलून आणली. ते वेल्डरला म्हणाले, "काप." दवाखान्याची गाडी दारात उभी होती, पण शेवटची चावी कापली जाईपर्यंत भाऊ त्या गाडीत बसले नाहीत.

चौथ्या दिवशी ते माझ्या घरी आले. हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात गावाकडच्या नव्या तांदळाची पिशवी. बसने आले होते आणि चौकापासून ऑटोने. मी राजीनामा लिहून ठेवला होता, इंग्रजीत, चांगल्या कागदावर. त्यांनी विचारलं, "काय लिवलं त्याच्यात?" मी मराठीत सांगितलं.

"बाई, तुमी गेल्या तं तुमच्या खुर्चीत दुसरी येईन. तिले हे मालूम नाई राहीन. तुमाले आता मालूम हाए. तुमीच बसा तिथी."

"मला त्या आवारात पाऊल टाकवत नाही, भाऊ."

"मंग आधी ड्रममंधी पाऊल टाका. मंग आवाराचं पाहू."

मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. पुढच्या सोमवारी त्यांनी माझ्या गळ्यात चावी बांधली आणि मला आत पाठवलं. वय चाळिशीच्या पुढे, अंगावर सलवार-कमीज, पायात एव्हाना बूट. आत अंधार होता. भिंती उतरत्या, हात टेकवावा तिथे खरबरीत आणि गरम. श्वास घेतला की तोंडात धूळ. बाहेरचं जग म्हणजे झडपेएवढा एक उजेडाचा तुकडा. बाहेरून भाऊंनी तीनदा ठोकलं. मी आतून तीनदा ठोकलं. त्या दहा मिनिटांत मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे पुढचा ठोका. बाहेर आले तेव्हा भाऊ म्हणाले, "आता राजीनामा द्याचा असन तं द्या." मी दिला नाही.

सुधाकरलाही त्यांनी जाऊ दिलं नाही. शेठजींनी त्याला काढून टाकायचं ठरवलं होतं. भाऊ गेले आणि म्हणाले की ज्याने एकदा हे केलं तो आवारातला सगळ्यात भरवशाचा माणूस आहे, तो झडपेपाशी बसेल. तेव्हापासून आजपर्यंत सुधाकर तिथे बसतो. त्याला उठवून दाखवा, अशी पैज पोरं लावतात आणि हरतात. तेव्हापासून केबिनमध्ये नवा कोणीही आला, हिशेबनीस असो की शिपाई, त्याला एकदा दहा मिनिटं आत जावं लागतं.

गाडीला एकच चावी राहिल्याने गैरसोय झाली नाही, असं मी म्हणणार नाही. एकदा एक चावी नाल्यात पडली आणि गाडी दोन दिवस जंगलातल्या रस्त्यावर उभी राहिली. शेठजी आवारात येऊन म्हणाले, "तुमच्या नियमापायी माझी गाडी दोन दिवस उभी आहे, श्रावण." भाऊ म्हणाले, "गाडी दोन दिवस उभी राह्यली शेठजी. मानसं तं रोज उभी हाएत नं." शेठजी खुर्ची मागवून बसले, चहा घेतला आणि गेले.

हे सगळं मी आज लिहिते आहे, कारण आवारात चार नव्या गाड्या आल्या आहेत. प्रत्येकीला दोन चाव्या. आमचे नवे व्यवस्थापक हुशार आहेत, मनाने चांगले आहेत, आणि त्यांना केबिनमध्ये फळी हवी आहे. ते मला म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं काही झालेलं नाही ना?" मी म्हटलं, "फळी नाही, म्हणूनच नाही झालं." ते हसले. भाऊ गेल्यावर फळी ठोकली जाईल, असं सगळ्यांनी धरलं आहे. भाऊंनी ते ऐकलं. गेल्या आठवड्यात ते दोनदा केबिनच्या भिंतीकडे पाहून गेले. खांदा निखळला त्या दिवशीही त्यांचा चेहरा मी इतका थकलेला पाहिला नव्हता. ही पद्धत त्यांच्यामागे राहील की नाही, एवढाच प्रश्न त्यांच्या साठीपुढे आहे. भाऊ, ती राहील. मी अजून दोन वर्षं या खुर्चीत आहे.

भाऊ, तुमचा खांदा थंडीत कमी दुखो. गावाकडच्या धानाच्या बांधावर तुम्हाला सकाळी लांबवर चालता येवो, आणि तुमच्या पत्नी शकुंतलाबाईंनी एवढी वर्षं संध्याकाळी दाराकडे लावलेले डोळे आता निवांत होवोत. पंचाहत्तरीचा लेखही मीच लिहीन. तेव्हा माझं अक्षर थोडं कापेल, तेवढं चालवून घ्या.

आता समारंभाविषयी. भाऊंनी शाल-श्रीफळ घ्यायला नकार दिला आहे, तेव्हा आयोजकांनी पुढीलप्रमाणे करावं. या पुस्तकाची पहिली प्रत शकुंतलाबाईंच्या हाती द्यावी, दुसरी सुधाकरच्या. हारासाठी जमलेली फुलं आवार झाडणाऱ्या चौघी बायांना द्यावीत. जेवायलाही त्या पहिल्या पंगतीत बसतील. चार नव्या गाड्यांच्या दुसऱ्या चाव्या सर्वांसमोर शेठजींच्या हाती द्याव्यात आणि त्या त्यांच्याच घरी राहाव्यात. ज्याला हवी त्याने त्यांच्याकडे मागावी, आणि शेठजींनी आधी आवारात येऊन ड्रमवर तीनदा ठोकावं, मगच ती द्यावी. मी त्यांना हे विचारलं तेव्हा ते "बघू" म्हणाले. आता ते छापून आलं आहे.

एका नव्या गाडीची पहिली चावी सुतळीला बांधून व्यवस्थापकसाहेबांच्या गळ्यात घालावी. ते दहा मिनिटं आत जातील. सुधाकरला त्या दिवशी सुट्टी द्यावी. झडपेपाशी मी बसेन, आणि कोणीही, कशाहीसाठी, मला केबिनमध्ये बोलावू नये.