वरच्या मजल्यावरचा भाडेकरू

नवऱ्याचं चाकणमधलं काम संपणार असं कळलं आणि घरात माझं मन लागेना. तो कोरियाचा. इथल्या कंपनीत रोबोटची लाइन बसवायला आलेला. व्हिसा नोकरीवरचा, म्हणजे नोकरी संपली की व्हिसाही संपला. मग बायको इथली म्हणून जो व्हिसा मिळतो, त्यासाठी आम्ही अर्ज केला. त्यावर नोकरी करता येत नाही. "नवऱ्याला घरी बसवायची सोय केलीस गं बाई," आई म्हणाली. आम्ही हसलो. पण त्याने कपाटावरची मोठी बॅग पुसून ठेवली होती, ती माझ्या नजरेतून सुटली नव्हती.

आम्ही खरंच नवरा-बायको म्हणून राहतो का, हे बघायला चौकीतून माणूस येणार होता. "त्यात काय, राहतोच की!" असं मी म्हटलं खरं. पण दिघीच्या आमच्या गल्लीत माझं लग्न झालंय हेच कुणाला सांगितलेलं नव्हतं.

रजिस्टर लग्न केलं तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच अट घातली होती. "मांडव घालू तवा भाऊकीला सांगू. तवर वरचा भाडेकरू म्हनायचं." आमच्या वरच्या खोल्या कायम भाड्यानेच असायच्या, त्यामुळे ते खपून गेलं. मग भाऊकीत सुतक आलं, मग मुहूर्त मिळेना, आणि मांडव राहिला तो राहिलाच. मी रोज संध्याकाळी वर जाते आणि सकाळीच खाली येते, हे लोकांना दिसत नव्हतं थोडंच! पण आबांच्या तोंडावर कोण बोलणार?

हवालदार आला तो सुट्टीच्या दिवशी. गाडी किराणा दुकानापुढे लावून त्याने चौकशी सुरू केली. मी वरून बघत होते. दुकानदाराने आमच्या गॅलरीकडे बोट केलं. "भाडेकरू आहे साहेब. चांगला माणूस, भाडं वेळेवर देतो." कसलं भाडं, डोंबल! मग इस्त्रीवालीने तेच सांगितलं, कोपऱ्यावरच्या काकूंनीही तेच. सगळे नवऱ्याच्या भल्यासाठीच बोलत होते.

शेवटी तो आमच्या ओट्याशी आला. आबा आणि भाऊकीतले त्यांचे एक चुलतभाऊ चहा पीत बसले होते.

"आबा, वर राहतो तो कोण तुमचा?"

आबांनी चुलतभावाकडे बघितलं. "भाडेकरू हाय."

मी अनवाणीच जिना उतरले. "नवरा आहे माझा!" माझा आवाज गल्लीभर गेला असेल. चुलते कप खाली ठेवून उठले आणि चपला घालून चालते झाले.

हवालदार वैतागला. "मग ताई, तुम्ही खोटं बोलताय की आबा?"

"आबा," मी म्हणाले. जन्मात कधी बापाला असं बोलले नव्हते. वाईट वाटलं, पण रागच जास्त आला होता.

हवालदाराने कागद पुढे धरला. "जावई आहे असं लिहिलंय, आबा. करा सही."

"चष्मा कुठं ठिवला, घावंना," आबा म्हणाले. चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. मला दिसत होता, हवालदारालाही दिसला. मग त्याने कागदाची घडी घातली. "जे ऐकलं ते लिहितो. पुढचं वरचे साहेब बघतील," म्हणाला आणि गेला. आबा त्याच चुलत्यांच्या मागे लगबगीने निघाले.

मी वळले तर नवरा जिन्यात उभा होता. इतके दिवस मी समजत होते, त्याला मराठी म्हणजे 'चहा' आणि 'बस झालं' एवढंच येतं. मी काही बोलायच्या आत तो वर गेला. मागोमाग गेले तर बॅग पलंगावर उघडी होती.

"इथे भाडेकरूला," त्याने मराठीत शब्द जुळवत विचारलं, "खोली सोडायला किती दिवस देतात?"