मोठ्या बाईंचा मातीचा तास

"मला येत नाही" हे शब्द मोठ्या बाई इतक्या सहज उच्चारायच्या, की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं. मोठ्या बाई म्हणजे शेवगावच्या आमच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. गणितात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. पण एखाद्या मुलीनं भरतकामाचा टाका विचारला, की भर वर्गात म्हणायच्या, "मला येत नाही. विचारून सांगते." आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायच्या. मी तेव्हा नगरहून नुकतीच नोकरीवर आले होते, कायमही झाले नव्हते. शिक्षिकेनं असं म्हटलं की मुलींना धाक राहत नाही, असं माझं ठाम मत होतं.

सत्तर सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. आमच्या हस्तव्यवसायाच्या बाई लग्न होऊन गेल्या, जागा भरली गेली नाही, तास मात्र वेळापत्रकात राहिला. शिवणाची दोन्ही यंत्रं बंद पडलेली. मोठ्या बाईंनी ठरवलं, मातीकाम घ्यायचं आणि ते आपणच शिकवायचं. "तुम्हाला येतं?" मी विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या, "शनिवारी शिकायचं, सोमवारी शिकवायचं."

शनिवारी सकाळची शाळा सुटली, की त्या मला घेऊन कुंभारवाड्यात भामाआजीकडे जायच्या. भामाआजीची मुलं चाकावर मडकी करायची. आजी चाकाला शिवत नसे. चुली, शेगड्या, पोळ्याचे बैल, धान्याच्या लहान कणग्या, सगळं हातानं करायची. "चाक बाप्यांचं," ती सांगायची. "बायांना दोन हात दिल्यात, ते काय कमी हायेत व्हय?" मी पदर सावरून ओट्याच्या कोपऱ्यावर बसत असे. मातीत हात मोठ्या बाईच घालायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी पिशवीतून फूटपट्टी काढली. मातीच्या वळ्या करून, एकीवर एक चढवून भांडं करायचं होतं. बाईंनी प्रत्येक वळी मोजून सारखी केली आणि भराभर सहा चढवल्या. भांडं एका अंगाला कललं आणि हळूच खाली बसलं.

"मोजण्यात चूक नव्हती," बाई म्हणाल्या.

"न्हाई ना," आजी म्हणाली. "पर खालची वळी वली हाय अजून. जरा दम खावा, तिला आवळू द्या. मग वरचं वझं घ्या."

बाईंनी वहीत लिहून घेतलं, 'तीन वळ्यांनंतर थांबणे.' पट्टी पुढच्या शनिवारीही होतीच. त्यांना पट्टीशिवाय जमायचं नाही, आणि खरं सांगायचं तर पट्टी घेऊनही जमायचं नाही.

सोमवारी त्या आपलं भांडं टेबलावर ठेवायच्या. "हे माझं. कुठं बिघडलं ते सांगा." पहिले दोन आठवडे कुणी तोंड उघडलं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमचं भांडं रुसल्यागत दिसतंय." बाईंनी भांडं फिरवून पाहिलं. "खरंच की," त्या म्हणाल्या. "का रुसलं असेल?" त्यानंतर मुली बोलायच्या थांबेनात. एकीनं सांगितलं, काठाला पाणी लावायचं नाही, बोट ओलं करायचं. दुसरीनं सांगितलं, जोडायच्या जागी काडीनं ओरखडे पाडायचे. या मुली घरी आईबरोबर चुली लिंपणाऱ्या होत्या. शाळेत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

दुष्काळात विहिरी आटल्या. तेव्हा सगळ्या वर्गानं एकाच बादलीत हात धुवायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि तेच पाणी पुढच्या सोमवारी माती मळायला घ्यायचं, असा नियम बाईंनी केला. तास बंद पडला नाही.

त्याच वर्षी तपासणी आली. मुलींच्या वस्तू भामाआजीच्या आव्यात भाजून आणल्या होत्या. त्या आम्ही टेबलावर मांडल्या. मुली सोपं सोपं शिकत पुढे गेल्या होत्या. मधोमध बाईंचं भांडं मात्र कललेलंच होतं, त्यापुढे त्यांच्या नावाची चिठ्ठी. मला ते बघवेना. नमुन्यासाठी आणलेलं आजीचं भांडं शेजारी होतं. कुणी नसताना मी चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली आणि बाईंचं भांडं कपाटात ठेवलं.

तपासणीच्या साहेबांनी नेमकं चिठ्ठीमागचं भांडं उचललं. "वा, मुख्याध्यापिका बाईंचा हात चांगला आहे."

"ते माझं नाही," बाई म्हणाल्या. "कुंभारवाड्यातल्या भामाबाईंचं आहे. चिठ्ठी चुकून सरकलेली दिसते." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, कपाट उघडलं आणि आपलं भांडं साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी ते लगेच खाली ठेवलं. शेऱ्यात 'शिक्षिकेचे स्वतःचे काम सुमार' असं आलं.

संध्याकाळी बाईंनी मला खोलीत बोलावलं. नोकरी गेली, असंच मी धरून चालले होते.

"शिंदे बाई, मला त्या भांड्याची लाज वाटत नव्हती. तुम्हाला का वाटली?"

मी म्हटलं, "तुम्हाला कुणी हसू नये म्हणून."

"मुली वर्षभर हसल्या. त्यानं माझं काय गेलं? पण भामाबाईंचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं. त्यांना जाऊन सांगा."

मी एकटी गेले आणि सगळं सांगितलं. आजीनं ऐकून घेतलं. "सायबाला माजं नाव सांगितलं का?"

"बाईंनी सांगितलं."

"मग झालं की." तिनं मातीचा गोळा माझ्यापुढे सरकवला. "वरीसभर नुसत्या बसून ऱ्हायलात. आता हात घाला."

त्या दिवशी मी पहिल्यांदा मातीत हात घातला. माझी वाटी बाईंच्या भांड्याहून वाकडी झाली.

दोन वर्षांनी मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि संगमनेरला बहिणीकडे गेल्या. जाण्याआधी मातीचा तास लेखी हुकूम काढून माझ्या नावे केला. मी तो नोकरी संपेपर्यंत घेतला. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या भाचीचं कार्ड आलं, तो दिवस सोमवार होता. कार्ड वाचलं आणि वर्गावर गेले. मुलींना सांगितलं, हा तास ज्यांनी सुरू केला त्या मोठ्या बाई गेल्या. त्या मुलींपैकी कुणी बाईंना पाहिलेलं नव्हतं.

"त्या लई चांगली भांडी करायच्या का, बाई?" एकीनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "अजिबात नाही."

मुली हसल्या. मलाही हसू आलं. डोळे पुसायला हात वर केला, तो मातीनं भरलेला होता.