कुंडीतलं पाणी

कार्डिफच्या आमच्या भाड्याच्या घरात वरची लहान खोली गांजाच्या दोन झाडांना दिली होती. खिडकीला काळं कापड, वर दिवा, कोपऱ्यात पंखा. हे बेकायदा आहे हे मला माहीत होतं. तरी केलं. पप्पांना एमएस आहे, मज्जातंतूंचा आजार. पेटके आले की त्यांचे गुडघे पोटाशी ओढले जातात, आणि दातांतून जो आवाज येतो तो ऐकत कायद्याचा मान राखणं मला जमलं नाही. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी ते नुसते गुंगीत पडून राहायचे. औषध म्हणून गांजा देणारं खासगी क्लिनिक आमच्यासारख्यांना परवडणारं नव्हतंच. एका मैत्रिणीने थोडासा गांजा आणून दिला तेव्हा मात्र ते रात्रभर पाय सरळ करून झोपले. सरळ पाय! मी दारात उभी राहून बघत राहिले. मग मी बिया लावल्या.

आईचा विरोध होता. ती रोज सकाळी पंचशील म्हणते, आणि झाडं आल्यापासून पाचवं शील, नशेपासून दूर राहण्याचं, मुद्दाम जिन्यात येऊन मोठ्याने म्हणायला लागली.

फुलं भरायला लागली आणि झाडांनी माना टाकल्या. पानं खालून पिवळी पडली, लोंबली. मला वाटलं, तहान. पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी वाईट, म्हणून आणखी घातलं. मग एकदा कुंडी सरकवायला गेले तर सहज हलेना. तळाशी नाक नेलं, गटारासारखा वास.

आई खाली कणीक मळत होती.

"आई, तू वर जातेस का गं?"

"जाते की. पाणी घालते रोज."

"तू? तुला तर ती घरातच नको होती!"

"नकोच आहेत. म्हणून तहानेनं मारायची? पाचवं शील तुम्ही बापलेक मोडा. पहिलं मी मोडणार नाही."

"अगं, ओव्हरवॉटर झालंय! मुळं कुजतायत!"

"पाणी दिलं म्हणून कुणी मरतं होय?"

मी मराठी वाचायला पप्पांच्या चळवळीच्या पत्रकांवर शिकले. सभेआधी ती दुमडायचं काम माझं असायचं. आपल्या माणसांना तळ्याचं पाणी शिवू दिलं नाही आणि एक दिवस आपण जाऊन ते प्यायलो, ही माझी पहिली गोष्ट. पाणी कुणालाही नाकारायचं नाही, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.  आम्ही दोघींनी, एकमेकींना न सांगता, ती झाडं बुडवली होती.

एकाचं खोड बुंध्याशी मऊ झालं होतं. ते गेलं. दुसऱ्याची कुंडी विटांवर चढवली, तळाची भोकं स्क्रूड्रायव्हरने मोठी केली, पंखा जवळ ओढला. वरचं सगळ्यात मोठं फूल उघडून बघितलं तर आत राखाडी बुरशी. पप्पांच्या छातीत ती जाऊन चालणार नव्हती. कापलं. त्याच्या शेजारचं कापलं. एवढे महिने ज्याची वाट बघितली ते मी कचऱ्याच्या बिनमध्ये टाकत होते, आणि खालून पप्पांचा तो आवाज येत होता.

मी खाली गेले तेव्हा आई त्यांचे पाय दाबत होती. जरा दम घेऊन ते म्हणाले, "माती ओली आहे ना? खाली कागद घाल. माझे गठ्ठे आण."

"पत्रकं? नाही पप्पा, ती नाही."

"साधा कागद आहे. पाणी चांगलं पितो."

"तुम्ही लिहिलंय त्यावर!"

"मग? तू वाचलंस ना?"

मी गठ्ठ्याची दोरी सोडली. विटांवर, कुंडीच्या तळाला लागून, पत्रकांची थप्पी लावली. सकाळी ती फुगली होती, शाई पसरून अक्षरं गेली होती. ती काढून दुसरी लावली. मग तिसरी.

आई तांब्या घेऊन वर आली आणि दारात थांबली. "आज तरी?"

"नाही."

"घोटभर?"

"आई, नाही म्हटलं ना!"

तांब्या हातात घेतलेल्या माणसाला दारात अडवणारी मी. कुठल्या पत्रकात बसणार होतं हे? आई तांब्या घेऊन वळली. जिन्यात तिने एकही शील म्हटलं नाही, पाचवं नाही की पहिलं नाही.

पप्पांनी खालून विचारलं, "कशी आहे गं कुंडी?"

"हलकी झालीय," मी म्हटलं. मला ती हलकी झालेली हवीच होती.

"आण इकडे."

मी ती खाली नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवली. झाडाला खालच्या फांद्यांवरची बारकी फुलं तेवढी उरली होती. जन्मभर काखेत पत्रकांचे गठ्ठे वाहिलेला माणूस. हातात घेतलं की किती प्रती आहेत ते न मोजता सांगायचा. त्यांनी दोन्ही हात कुंडीखाली घातले आणि जेमतेम उचलली. डोळे मिटले.

"नाही गं," ते म्हणाले. "जडच आहे."

त्यांचा डावा पाय पुन्हा वर ओढला जायला लागला होता. आईने तो धरला.

"आणखी कागद आण," पप्पा म्हणाले.