फवारणीच्या बाटलीचं ओगराळं

जव्हारच्या आठवडी बाजारात एक जण जुन्या डब्या-बाटल्यांपासून केलेली स्वयंपाकाची साधनं विकतो. तेलाच्या डब्याच्या पत्र्याला खिळ्याने भोकं पाडली की त्याची किसणी तयार. प्रत्येक वस्तू तो मडक्यासारखी वाजवून दाखवतो. पत्र्याच्या कडा मात्र घासत नाही. ते काम गिऱ्हाइकाच्या बोटांवर सोडतो.

परवा साखरशेतच्या एका म्हातारीने त्याच्याकडचं ओगराळं उचललं. घरी नातवंडं माठात हात घालतात, म्हणून तिला ते हवं होतं. बाटली आडवी कापून त्याने लाकडी दांडा ठोकला होता. लेबल खरवडलं होतं, पण तसल्या बाटल्या तिने स्वतः शेतावर नेल्या होत्या.

"ही त फवारणीच्या औषदाची बाटली."

"तीनदा धुतलीय, मावशी. काय होत नाय."

तिने जवळचं पाणी त्यात ओतलं आणि त्याच्यापुढे धरलं. "मंग तू पे आदी."

तो हसला. "आज उपास आहे माझा."

हातातला वडापाव त्याने तेवढा खाली ठेवला.

म्हातारीने पाणी रस्त्यावर ओतलं आणि ती रिकाम्या हाताने गेली. त्याने ओगराळं शर्टाला पुसलं, पुन्हा सगळ्या वस्तूंच्या पुढे मांडलं आणि वडापाव संपवला.