पोकळ वाजलेल्या फरश्या

सपाटी मोजायच्या हत्यारावरून त्याला सगळे पाणसळ म्हणत. चाळीस वर्षं फरशी बसवण्यात गेली, त्यामुळे कुणाच्याही घरी गेला की आधी जमीन सपाट आहे का ते बघायचा. चहा येण्याआधी यजमानांच्या फरशीतली खोट बाहेर यायची. बायको म्हणायची, "अहो, निदान कप तरी हातात येऊ द्या."

त्या दिवशी बायकोनेच त्याला ओढत नेलं. समुद्रकाठच्या एका हॉटेलात हिवाळ्यातला एक आठवडा विकत मिळत होता. खोली एकच, पण वर्षाचे आठवडे बावन्न घरांत वाटलेले. दर वर्षी आपला आठवडा आला की जायचं, राहायचं, चावी देऊन परत यायचं. बायकोने तीस वर्षं लॉन्ड्रीत ओल्या चादरी उपसल्या होत्या. थंडी पडली की तिची बोटं वळत नसत, स्वेटरची बटणं तो लावून द्यायचा. समुद्रकाठी थंडी नव्हती. जन्मात तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

हॉटेलवाल्यांनी बसने नेलं. टाय लावलेल्या विक्रेत्याने गोड बोलून ती खोली उघडली. पडदे, पलंग, खिडकीत समुद्र. बायको खिडकीशी खिळली. पाणसळ सवयीप्रमाणे बाथरूममध्ये शिरला.

फरशीवर बोटाचं पेर वाजवलं. पोकळ. शेजारची वाजवली. तीही पोकळ.

विक्रेता हसला. "काका, कलिंगड पारखताय का?"

 पाणसळचं लक्ष पाण्याच्या जाळीकडे गेलं होतं. जाळीभोवती फरशी गोल कापलेली होती, पकडीने कण कण तोडून. असा काप मारायला अर्धा तास जातो. बाकीचे कारागीर चौकोनी कापून मोकळे होतात. गोल काप मारणारा एकच होता, तो स्वतः.

त्याने इथे काम केलं तेव्हा नुसत्या विटा होत्या, आता रंगाखाली इमारत ओळखू येत नव्हती. ते त्याचं शेवटचं काम. गुडघा वाकत नव्हता, संध्याकाळपर्यंत उरकायचं होतं. फरशीखाली सिमेंटचा माल पूर्ण पसरायचा सोडून त्याने पाच ठिकाणी पाच गोळे ठेवले आणि वरून फरशी दाबली. डोळ्यांना दिसेल ते जीव ओतून केलं. दिसणार नव्हतं ते चोरलं.

"काय हो, काय झालं?" बायको दारात आली.

"काम कच्चं आहे," तो म्हणाला. "नको घेऊस."

एवढंच बोलला. खोटं काही नव्हतं त्यात. बायकोने स्वतः टाच आपटून बघितली आणि तिचा पारा चढला. खाली दालनात एक जोडपं सही करायला बसलं होतं, त्यांच्यासमोर ती म्हणाली, "सही करू नका हो. आमच्या ह्यांनी तपासलंय. ज्याने फरशी बसवली त्याने मजुरी घेताना खाली तरी बघितलं असेल का? चोर मेला!"

त्या बाईने पेन खाली ठेवलं. विक्रेत्याचा चेहरा उतरला. पाणसळ बुटाची नाडी बांधत बसला, जी सुटलेली नव्हती.

बसमध्ये चढताना बायको म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून वाचलो बाई." तेव्हा मात्र त्याला पायरी चढवेना.

"तो चोर मी आहे," तो म्हणाला. "ती खोली मी केली. गुडघ्याच्या वेळी."

 ती वळून परत आत गेली. तो कसाबसा बसमध्ये चढून बसला. खिडकीच्या काचेतून त्याला सगळं दिसत होतं. ती आधी त्या जोडप्याकडे गेली, हात जोडून काहीतरी बोलली. आपल्यापायी तिला हात जोडताना त्याने कधी बघितलं नव्हतं. नंतर ती विक्रेत्याशी बराच वेळ बोलली.

परत येऊन शेजारी बसली.

"विचारून आले. आठवडा घेतला तर आमच्या खर्चाने फरशी उखडून नव्याने बसवू द्याल का, म्हटलं. ह्यांचा हात अजून चालतो, म्हटलं."

"मग?"

"नाही म्हणाला. सात दिवसांच्या मालकाला फरशीला हात लावता येत नाही."

"तुला घ्यायचा असेल तर घे. मी खरंच सांगतो."

"आणि सात दिवस तुम्ही तिथे पाय कुठे ठेवणार?" ती म्हणाली. बोटं पदरात गुंडाळून तिने मान खिडकीकडे वळवली.

बस निघाली. पाणसळ मनाशी हिशेब करत होता. वर्षाला बावन्न कुटुंबं. प्रत्येक घरातलं कुणीतरी रोज सकाळी अनवाणी त्या पाच गोळ्यांवर उभं राहणार, आणि जाळीकडे बघून म्हणणार, काय सुबक काम आहे.